तेलाचा शाम्पू: केस स्वच्छ व्हावेत, पण राठ होऊ नयेत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरी शाम्पू करायला शिकवते तेव्हा पहिल्या तासाभरात एक वाक्य हमखास कानावर येतं: "केस स्वच्छ निघाले पाहिजेत, पण झाडूसारखे होता कामा नयेत." लगेच पुढचा प्रश्न, "मग जास्त तेल घातलं तर?" हे पान त्या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे. शाम्पूत तेल घालणं सोपं आहे. ते योग्य प्रकारात, योग्य प्रमाणात घालणं आणि केसांवर योग्य वेळी उतरवणं यातच सगळं कसब आहे.

तेलाचा शाम्पू म्हणजे नक्की काय? लोक वेगवेगळंच काही सांगतात.

कारण या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू फिरतात. पहिली म्हणजे तेलात कॉस्टिक पोटॅश (तेलाचा साबण करणारा तीव्र अल्क) घालून केलेला पातळ साबण. यात तेल तेल म्हणून उरतच नाही, त्याचा साबण होतो. दुसरी म्हणजे सौम्य सर्फॅक्टंटचा शाम्पू. सर्फॅक्टंट म्हणजे मळ सोडवणारा, फेस करणारा घटक. या शाम्पूत थोडं तेल किंवा तेलापासून केलेला स्निग्ध घटक घातलेला असतो. तिसरी वस्तू बिनपाण्याची: तेलातच असा पायसकारक (तेल आणि पाणी एकत्र मिसळवणारा घटक) मिसळतात, की पाणी लागताच सगळं दुधाळ होऊन वाहून जावं.

केस कोरडे न पाडता धुवायचे असतील तर मी दुसरा प्रकार करते आणि तोच शिकवते. पहिल्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं. तिसरा प्रकार न्हाण्याआधीच्या तेलासाठी उत्तम आहे, पण एकट्याने टाळू पुरेशी स्वच्छ होत नाही.

घाण्याच्या खोबरेलाचा साबण करून तोच डोक्याला लावला तर? पूर्वी लोक साबणानेच न्हायचे ना?

माझी सुरुवातही इथूनच झाली. लातूरकडच्या आमच्या घरी बोअरचं पाणी. मी मोठ्या हौसेने खोबरेलाचा पातळ साबण केला आणि आईच्या केसांना लावला. फेस भरपूर आला. वाळल्यावर मात्र केसांना मेणचट थर आणि वर राठपणा. कंगवा अर्ध्यातच अडकायचा. तो गुंता सोडवायला दोन दिवस लागले, आणि आई एक शब्द बोलली नाही याचंच मला जास्त वाईट वाटलं.

का झालं ते नंतर कळलं. खरा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच) साधारण ९ ते १० असतो. टाळूचा सामू ५.५ च्या आसपास आणि केसाच्या पृष्ठभागाचा त्याहूनही खाली. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो, त्यावरची खवल्यांची रांग उचलली जाते आणि केसावरचा ऋणभार वाढतो. सारखा भार असलेले केस एकमेकांना ढकलतात, उचललेले खवले एकमेकांत अडकतात. त्यात जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच केसांवर बसतो.

आणखी एक गोष्ट. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे २६ ग्रॅम शुद्ध कॉस्टिक पोटॅश लागतं, एरंडेलाला सुमारे १८. खोबरेलातली आम्लं आखूड साखळीची असतात, म्हणून त्याचा साबण पाण्यात झटकन विरघळतो आणि जोरात स्वच्छ करतो. म्हणजे केसांना सर्वांत मानवणारं तेल साबण झालं, की सर्वांत कडक धुणाऱ्या साबणांपैकी एक होतं. तेलाचा गुण साबणात उतरत नाही.

मग साबणात सायट्रिक ॲसिड घालून सामू ५.५ वर आणला तर?

तो साबण राहणार नाही. साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचा क्षार. आम्ल घालून सामू खाली आणला की क्षार मोडतो, मूळ स्निग्ध आम्लं मोकळी होतात, बाटली दुधाळ होते आणि वर तेलकट थर तरंगतो. धुण्याची ताकदही त्याबरोबर जाते. साबण खालच्या सामूला जगत नाही, हे रसायन आहे. त्यात हाताच्या सफाईचा प्रश्न येत नाही. साबणाने न्हाल्यावर व्हिनेगरच्या पातळ पाण्याने केस खळबळले तर खवले थोडे बसतात, पण आधीच्या फुगण्या-घासण्याने झालेलं नुकसान भरून निघत नाही.

केस "कोरडे" होतात म्हणजे नेमकं काय होतं? पाणी कमी होतं का?

आपण कोरडेपणा बोटांनी ओळखतो, आणि बोटांना कळतं ते घर्षण. केसाच्या सर्वांत बाहेरच्या खवल्यावर स्निग्ध आम्लाचा अतिशय पातळ थर रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. त्याच्यामुळे निरोगी केस पाणी झटकतो आणि सुळसुळतो. ब्लीच, तीव्र अल्क, उन्हातली वर्षं यांनी तो थर जातो. मग केस पाणी उलट जास्त पितो, न्हाताना फुगतो, वाळताना आकसतो आणि हाताला राठ लागतो.

त्या थराशिवाय टाळूतून उतरलेलं तेलही केसांवर असतं. शाम्पूने हे दुसरं, सुटं, मळ धरलेलं तेल काढावं आणि पहिल्याला हात लावू नये. आणि जे घर्षण वाढलं असेल, ते कमी करायला थोडीशी स्निग्धता मागे ठेवावी. चांगल्या तेल-शाम्पूकडून माझी अपेक्षा एवढीच.

बाजारच्या शाम्पूत दोन चमचे खोबरेल मिसळलं तर काम होईल का?

नाही. हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, म्हणून कारण सांगते. शाम्पूतले सर्फॅक्टंटचे रेणू पाण्यात गोल झुबके करतात, त्यांना मिसेल म्हणतात. मिसेलचं पोट तेलाला धरतं, टाळूचा मळ असाच निघतो. तुम्ही बाटलीतच तेल ओतलं की ते पोट डोक्याला लागायच्या आधीच भरतं. फेस बसतो, कारण मोकळं तेल फेसाचे पापुद्रे फोडतं. टाळू नीट निघत नाही. उरलेलं तेल बाटलीत वर येऊन बसतं, त्यामुळे पहिल्या धुण्याला केस तेलकट आणि शेवटच्या धुण्याला कोरडे, असा अनुभव येतो. शिवाय त्या शाम्पूची परिरक्षणाची (प्रिझर्व्हेटिव्हची) गणितं तुमच्या तेलासाठी आणि बाटलीत गेलेल्या ओल्या चमच्यासाठी केलेली नसतात.

मग चांगल्या शाम्पूत तेल किती असतं? आणि ते पाण्याबरोबर वाहून का जात नाही?

मोकळं तेल मी अर्धा टक्का ठेवते, फार तर एक. ऐकणाऱ्याचा विरस होतो हे मला माहीत आहे. पण केसांचं वजन आणि जाडी पाहता त्यांना लागणारी स्निग्धता खरोखर कणभर असते.

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटतं. गवारीच्या बीपासून गवार गम काढतात, त्याचं बरंच पीक राजस्थानात होतं. त्यावर धनभाराचे गट बसवून जो पदार्थ होतो त्याला धनभारित गवार म्हणतात. डब्यावर ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड असं लांबलचक नाव असतं. बाटलीत सर्फॅक्टंट दाट असतो, तेव्हा हा गवार त्याच्याबरोबर विरघळलेला राहतो. डोक्यावर पाणी ओतायला लागल्यावर शाम्पू पातळ होतो आणि एका टप्प्याला ऋणभारित सर्फॅक्टंट आणि धनभारित गवार एकत्र येऊन बारीक जेलीसारखे थेंब बाहेर पडतात. हे थेंब आपल्याबरोबर तेलाचे कण घेऊन ऋणभारित केसावर बसतात. केस जिथे जास्त खराब, तिथे ऋणभार जास्त, म्हणून तिथे ते जास्त बसतात. म्हणजे मळ निघून गेल्यावर, खळबळण्याच्या वेळी तेल उतरतं. धुणं आणि स्निग्ध करणं एकाच बाटलीत जमतं ते या वेळेच्या फरकामुळे.

म्हणून अर्धा टक्का तेल आणि ०.२ टक्का गवार हे पाच टक्के तेलापेक्षा चांगलं काम करतात.

कोणतं तेल निवडावं?

खोबरेलाच्या बाजूने पुरावा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी किंवा नंतर लावलेल्या खोबरेलाने केसांतून निघून जाणारं प्रथिन कमी झालं, बाकी दोन्ही तेलांनी ते जमलं नाही. मॅरिको खोबरेल विकते, हे वाचताना लक्षात असू द्यावं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसाच्या आत शिरतो.

एक अडचण: खोबरेल साधारण २४ अंशांना गोठतं. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात शाम्पू गढूळ दिसू शकतो. बिघडलेला नसतो, बाटली कोमट पाण्यात ठेवली की स्वच्छ होतो.

तिळाचं तेल थंडीत सुटसुटीत राहतं, पण वासाने ओळखू येतं. बदाम चालतं, महाग आहे, आणि अर्ध्या टक्क्याला त्याचा फरक मला कधी जाणवलेला नाही. एरंडेल मी शाम्पूत मोकळं घालत नाही. ते दाट असतं, आणि एरंडेल लावून धुताना लांब केसांच्या सुटता न सुटणाऱ्या जटा झाल्याच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकांत आहेत.

"सल्फेट-फ्री" घेतलं की केस कोरडे होत नाहीत, हे खरं का?

अर्धंच. सोडियम लॉरिल सल्फेट एकटं आणि जास्त वापरलं तर कडक असतंच. पण ओलेफिन सल्फोनेट हाही सल्फेट नसलेला घटक आहे आणि तोही बराच कडक आहे. तो घालून बाटलीवर "सल्फेट-फ्री" लिहिता येतं. उलट, लॉरेथ सल्फेटला चांगलं बीटेन (जोडीला घालायचा सौम्य सर्फॅक्टंट) जोडलं तर मऊ शाम्पू होतो. वेगवेगळ्या जातींचे सर्फॅक्टंट एकत्र आले की मिश्र मिसेल होतात, एकेकटे सुटे रेणू कमी उरतात, आणि त्वचेला व केसांना त्रास देतात ते मुख्यतः हे सुटे रेणू. म्हणून घटकाच्या नावापेक्षा जोडणी आणि एकूण प्रमाण पाहा. मी एकूण सक्रिय सर्फॅक्टंट (त्यातलं पाणी वगळून मोजलेला) ११ ते १२ टक्क्यांच्या आत ठेवते.

प्रत्यक्ष कृती द्याल का?

ही ५०० ग्रॅमची, सगळं वजनावर. चमच्या-कपांनी करू नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या.

डिस्टिल्ड पाणी ३०२ ग्रॅम
ग्लिसरीन १५ ग्रॅम
धनभारित गवार १ ग्रॅम
डायसोडियम ईडीटीए (पाण्यातलं कॅल्शियम धरणारा) ०.५ ग्रॅम
सोडियम बेंझोएट (प्रिझर्व्हेटिव्ह) २.५ ग्रॅम
डेसिल ग्लुकोसाइड, ५० टक्क्यांचं, ५० ग्रॅम
कोकामिडोप्रोपिल बीटेन, ३० टक्क्यांचं, ६० ग्रॅम
सोडियम लॉरॉइल सार्कोसिनेट, ३० टक्क्यांचं, ५० ग्रॅम
कोको ग्लुकोसाइड आणि ग्लिसेरिल ओलिएट यांचं तयार मिश्रण १० ग्रॅम
खोबरेल २.५ ग्रॅम
पॅन्थेनॉल २.५ ग्रॅम
फेनॉक्सिइथेनॉल (प्रिझर्व्हेटिव्ह) ४ ग्रॅम
सायट्रिक ॲसिडचं २० टक्के द्रावण, सामूसाठी, लागेल तेवढं

ग्लिसेरिल ओलिएटचं मिश्रण हा इथला छुपा नायक आहे. टाळूच्या नैसर्गिक तेलातल्या स्निग्ध घटकांच्या जातीचंच हे रसायन, केसांवर हलकं बसतं आणि मोकळ्या तेलासारखा फेस मारत नाही. बजेट कमी असेल तर खोबरेल सोडा, हे सोडू नका.

सार्कोसिनेटही वगळू नका. गवारीला जोडीदार म्हणून ऋणभारित सर्फॅक्टंट हवाच. नुसत्या ग्लुकोसाइड आणि बीटेनमध्ये वर सांगितलेले थेंब नीट होत नाहीत.

मिसळायचा क्रम काय?

क्रम चुकला की गवारीच्या गाठी होतात आणि त्या कशानेच जात नाहीत. आधी पाण्यात ईडीटीए आणि बेंझोएट पूर्ण विरघळवा. वेगळ्या वाटीत गवार ग्लिसरीनमध्ये कालवा, पिठलं लावताना पीठ कालवतो तसं, आणि ढवळत ढवळत पाण्यात सोडा. सायट्रिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाका, म्हणजे गवार फुगायला लागतो. वीस मिनिटं अधूनमधून ढवळत राहा, पाणी किंचित दाट आणि नितळ दिसेल.

दुसऱ्या भांड्यात डेसिल ग्लुकोसाइड, ग्लिसेरिल ओलिएटचं मिश्रण आणि खोबरेल घ्या. भांडं गरम पाण्यात ठेवून ४०-४५ अंशांपर्यंत कोमट करा आणि एकजीव होईपर्यंत हलकेच ढवळा. तेल इथेच जिरलं पाहिजे. पाण्यात गेल्यावर ते जिरत नाही. त्यात बीटेन, मग सार्कोसिनेट घाला. आता गवारीचं पाणी थोडं थोडं ओता. रवी किंवा ब्लेंडर नको, नाहीतर फेस बसायला रात्र जाईल. कोमट झाल्यावर पॅन्थेनॉल आणि फेनॉक्सिइथेनॉल घाला. सामू सर्वांत शेवटी.

हातमोजे आणि चश्मा घाला. कच्च्या डेसिल ग्लुकोसाइडचा सामू ११ ते १२ असतो. "सौम्य" हे विशेषण तयार शाम्पूचं आहे, कॅनमधल्या द्रव्याचं नाही.

सामू किती ठेवायचा आणि मोजायचा कसा?

५ ते ५.३. एक भाग शाम्पू, नऊ भाग डिस्टिल्ड पाणी असं पातळ करून मोजा. दाट शाम्पूत पट्टी बुडवली तर रंग खोटा दिसतो. १ ते १४ ची पट्टी इथे निरुपयोगी आहे, अर्ध्या अर्ध्या अंशाने रंग बदलणारी लहान पल्ल्याची पट्टी किंवा साधा मीटर घ्या. सायट्रिक ॲसिड म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्वच, पण भुकटी थेट टाकू नका. एके जागी सामू एकदम पडतो आणि तिथे बेंझोइक आम्लाचे खडे सुटतात. द्रावण करून थेंबाथेंबाने. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, थोडा सरकलेला असतो.

५ च्या खाली गेलात तर सार्कोसिनेट गढूळ होऊन बाहेर पडायला लागतं. ५.५ च्या वर राहिलात तर बेंझोएट निष्प्रभ होतं. जागा अरुंद आहे, पण आहे.

माझा शाम्पू पाण्यासारखा पातळ झाला. मीठ घालू?

मीठाने दाट होतात ते मुख्यतः लॉरेथ सल्फेटचे शाम्पू, आणि तेही एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे मीठ घातलं की पुन्हा पातळ. ग्लुकोसाइड मीठाला दाद देत नाही. झँथन गमही इथे घालू नका, तो ऋणभारित असतो, गवारीशी गुठळ्या करतो. दाटपणा हवाच असेल तर सुरुवातीच्या पाण्यात ०.८ टक्का हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोज भिजवा.

माझा सल्ला, फेस करणाऱ्या पंपाची बाटली घ्या. पातळ शाम्पू तिच्यातून तयार फेस होऊन येतो, टाळूवर सारखा पसरतो आणि कमी लागतो. दाटपणाचा आणि गुणाचा संबंध नाही, तो बाजाराने लावलेला आहे.

शिकेकाई, रिठा, आवळकाठी यांचा काढा पाण्याऐवजी घातला तर आणखी चांगला होईल ना?

शिकेकाईवर माझं प्रेम आहे. आजीची न्हाण्याची पूड अजून करते: शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी, थोड्या मेथ्या. शिकेकाई आणि रिठ्यात सॅपोनिन असतात, म्हणजे निसर्गातले सर्फॅक्टंटच, आणि त्यांचं पाणी साबणासारखं अल्कधर्मी नसून किंचित आम्लधर्मी असतं. साबणापेक्षा आजीची पूड केसांना का मानवायची, याचं हे एक कारण.

पण ती पूड ताजी भिजवून त्याच दिवशी संपवायची वस्तू आहे. काढा बाटलीत घातला की शर्करा, टॅनिन आणि वनस्पतीचे कण जातात. बुरशी-जिवाणूंना ती मेजवानी असते, गवार त्यात साकळतो आणि रंग काळपट होत जातो. दोन्ही हवं असेल तर एका आठवड्याला पूड, दुसऱ्या आठवड्याला शाम्पू. एकाच बाटलीत त्यांची भेट घालू नका. आणि रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलं तर खूप झोंबतं, मुलांना न्हाऊ घालताना जपा.

प्रिझर्व्हेटिव्ह टाळता येईल का? फ्रीजमध्ये ठेवीन.

पाणी असलेल्या शाम्पूत नाही. वासात किंवा रंगात काही दिसायच्या आधी जिवाणू वाढलेले असतात, आणि हा शाम्पू डोळ्यांजवळ, ओरखडलेल्या टाळूवर जातो. व्हिटॅमिन ई तेल खवट होणं लांबवतं, जिवाणूंना अडवत नाही. लवंग, चहाचं झाड, कडुनिंब यांच्या तेलांवरही बाटली सोडू नये. वरच्या कृतीतला फेनॉक्सिइथेनॉल ०.८ टक्के आहे, परवानगीची मर्यादा १ टक्का. एवढं करूनही घरचा शाम्पू मी तीन महिन्यांत संपवते. बाथरूममध्ये बाटलीत पाणी घालून "शेवटचा थेंब" काढायची सवय मात्र सोडावी लागेल.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. या शाम्पूने फरक पडेल?

पडेल. यातले सर्फॅक्टंट साबणासारखा साका करत नाहीत आणि ईडीटीए थोडं कॅल्शियम धरून ठेवतो. पण अर्धा टक्काही नसलेला ईडीटीए बादलीभर पाण्याचा जडपणा काढू शकत नाही. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे जिथे पाणी फारच जड आहे, तिथे शेवटचे दोन तांबे वेगळ्या पाण्याचे ठेवा: साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं, त्यात लिटरला चिमूटभर लिंबूसत्त्व. आईचे केस सुधारले ते या दोन तांब्यांनी, हे मी शिकवताना प्रत्येक वेळी सांगते.

मला कोंडा आहे. तेलाचा शाम्पू चालेल?

कोंड्याशी जोडलेली मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. तेव्हा टाळूवर तेल मागे ठेवणारा शाम्पू तिच्यासाठी अन्न आहे. आधी औषधी शाम्पूने कोंडा आटोक्यात आणा. नंतर हा शाम्पू लावायचा तर कृतीतलं खोबरेल काढून टाका. खाज, पू, केस पुंजक्याने गळणं असेल तर घरचे प्रयोग थांबवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

तान्ह्या बाळासाठी?

नको. मोठ्यांनीही पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला पातळ करून लावावा आणि एक दिवस पाहावं.

माझा शाम्पू चांगला झाला की नाही, हे कसं ओळखायचं?

हे कुणी फारसं विचारत नाही, आणि मला वाटतं सर्वांत आधी हेच विचारायला हवं. पहिल्या धुण्यावर विश्वास ठेवू नका. आधीच्या शाम्पूचा सिलिकोनचा थर अजून केसांवर असतो. तो निघत असताना केस काही दिवस राठ लागू शकतात, किंवा उलट नव्या शाम्पूचं कौतुक जुन्या थरामुळे होतं.

अर्ध्या डोक्याची चाचणी करा. मधोमध भांग पाडून डावीकडे नेहमीचा शाम्पू, उजवीकडे नवा, दोन्ही वजनाने सारखे. चार-पाच वेळा असंच धुवा. दर वेळी तीनच गोष्टी वहीत लिहा: ओल्या केसांतून कंगवा किती सहज गेला, वाळल्यावर टोकं कशी लागली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाळू किती तेलकट. पाचव्या धुण्याला उजवी बाजू जड, चपटी, लोंबती वाटायला लागली, तर गवार साचतोय, तो ०.१ टक्क्यावर आणा. टोकं अजून राठ असतील तर तेल वाढवायचा मोह आवरा, आधी डेसिल ग्लुकोसाइड १० ग्रॅमने कमी करून तेवढं पाणी घाला. धुण्याची ताकद कमी करणं हा स्निग्धता वाढवण्याचा पहिला उपाय आहे. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी डोळे मिटून दोन्ही बाजू हाताळायला सांगा. स्वतः केलेल्या शाम्पूबद्दल आपला हात निष्पक्ष राहत नाही.

करून ओळखीत विकला तर?

विक्रीसाठी उत्पादन करायचं तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० खाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. स्वतःचा कारखाना नसेल तर परवानाधारक उत्पादकाच्या जागेत करवून घेण्याचीही सोय कायद्यात आहे. भेट देणं वेगळं, पण भेटीच्या बाटलीवरही तारीख आणि सगळे घटक लिहा. कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते आपल्याला माहीत नसतं.

असा शाम्पू असताना न्हाण्याआधी तेल लावायची गरज उरते का?

उरते, आणि लांब किंवा रंगवलेले केस असतील तर जास्तच. शाम्पू हा शब्दच मुळात हिंदीतल्या "चाँपो"वरून, चोळण्या-दाबण्यावरून आला. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ब्रायटनला "शाम्पूइंग"चं न्हाणीघर चालवलं, तेव्हाही त्याचा अर्थ मालिश असाच होता. धुण्याचा अर्थ नंतर चिकटला. आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या पहाटे अजून हा क्रम पाळतात: आधी तेल, मग उटणं आणि न्हाणं.

खोबरेल आधी लावलं की केस न्हाताना पाणी कमी पितो, कमी फुगतो. एवढ्यासाठी रात्रभर ठेवायची गरज नाही, तासभर पुरतं. खांद्यापर्यंतच्या केसांना एक लहान चमचा तेल, तेही मध्यापासून टोकांपर्यंत. टाळूला फक्त बोटांना लागलेलं उरलंसुरलं. निघायला जड जात असेल तर त्याच तेलात दहाला एक या प्रमाणात पॉलिसॉर्बेट-८० हा पायसकारक मिसळून ठेवा, पाणी लागताच तेल दुधाळ होऊन सुटतं आणि शाम्पूचा एकच हात पुरतो. दुसरा हात लावावा लागला तर तेल जास्त झालं असं समजा आणि पुढच्या वेळी अर्धा चमचा घ्या.